वर्गांतला पडदा : एक परीक्षण

एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करावयाचें झाल्यास त्याच्या कागदाला किती खर्च आला किंवा त्याच्या किती प्रती छापल्या गेल्या, हें टीकाकार आधीं पाहत नाहीं. तो ग्रंथ वाचकाच्या मनांत काय घडवितो, हाच त्याचा मुख्य प्रश्न असतो. शाळेंतील यंत्रसामग्रीच्या बाबतींत मात्र हा साधा न्याय आपण सारे विसरलों आहों. किती शाळांना प्रोजेक्टर मिळाले, किती वर्गांत टॅब पोंचले, किती शाळा ‘डिजिटल’ झाल्या, याची मोजदाद होते. तिचे तक्ते तयार होतात. आणि तक्त्यांतील आंकडा वाढला म्हणजे शिक्षण सुधारलें, असें मानून सर्व जण समाधान पावतात. यंत्र वर्गांत आलें हें सांगणारे पुष्कळ आहेत. तें आल्यावर वर्गांतील मूल काय करूं लागलें, हें सांगणारा क्वचितच भेटतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रांत हा प्रश्न विचारण्याची वेळ आतां आली आहे, कारण प्रयोगाला पुरेसा काळ लोटला आहे. २२ जून २०१५ रोजीं राज्य शासनानें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या नांवाचा निर्णय काढला. प्रत्येक मूल शिकलें पाहिजे, म्हणजे आपल्या वयाला साजेसें वाचूं, लिहूं व गणित करूं शकलें पाहिजे, हा त्याचा गाभा. त्याच सुमारास शाळा डिजिटल करण्याची मोठी लाट आली. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा शिक्षक संदीप गुंड यांच्या उद्योगानें त्यापूर्वींच टॅबवर शिकूं लागली होती. तिचें उदाहरण गांवोगांवच्या गुरुजींनीं डोळ्यांपुढें ठेवलें. ग्रामस्थांनीं लोकवर्गणी काढली, ग्रामपंचायतींनीं पैसा दिला, कित्येक शिक्षकांनीं स्वतःच्या पगारांतून भर घातली. आपल्या गोंदिया जिल्ह्यांतहि, सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टींतसुद्धां, भिंतीवर पांढरा पडदा असलेली शाळा आज नवलाची राहिलेली नाहीं. या खटाटोपामागील तळमळ खरी होती, आणि तिचा उपहास करण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. परंतु तळमळ खरी असली म्हणजे साधन योग्यच ठरतें, असें मात्र नव्हे.

घडलें तें असें कीं, निर्णयाच्या गाभ्यांत मूल होतें आणि मोजणींत पडदा आला. मूल वाचूं लागलें कीं नाहीं हें पाहावयाचें तर त्याच्याजवळ बसावें लागतें, त्याला एक उतारा वाचावयास सांगावा लागतो, तें कोठें अडखळतें तें ऐकावें लागतें. पडदा दारांतूनच दिसतो. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याला, वर्गणी देणाऱ्या ग्रामस्थाला आणि फोटो घेणाऱ्या वार्ताहराला पडदाच सोयीचा. जें सहज मोजतां येतें तेंच महत्त्वाचें वाटूं लागावें, ही कोणत्याहि मोठ्या कारभाराची जुनी खोड आहे. शिक्षणखातें तिला अपवाद कसें असेल?

साधनाची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, हें ठरविण्यासाठीं फार दूर जावयास नको. आपल्या जुन्या गांवठी शाळांत धूळपाटी होती. लांकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटांची पूड पसरावयाची आणि तीवर मुलानें बोटानें अथवा काडीनें अक्षर काढावयाचें, एवढाच तिचा सरंजाम. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या पाद्र्यानें मद्रासकडे मुलांना वाळूवर अक्षरें गिरवितांना पाहिलें. ती रीत त्यानें आपल्या ताब्यांतील अनाथालयाच्या शाळेंत आणली, आणि त्या शाळेच्या प्रयोगाविषयीं १७९७ सालीं लंडनमध्यें पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यानंतर विलायतेंतील गोरगरिबांच्या शाळांत मुलें वाळूवर अक्षरें काढूं लागलीं. शैक्षणिक साधनें पश्चिमेकडूनच येतात असा आपला समज असतो. हें एक साधन उलट वाटेनें गेलें.

धूळपाटीचें यश तिच्या स्वस्तपणांत होतें, असें कोणी म्हणेल. तें अर्धेंच खरें. तिचे खरे गुण तीन होते. पहिला, ती प्रत्येक मुलाच्या हाताखालीं होती. एकानें लिहावें आणि चाळिसांनीं पाहावें, असा प्रकार तींत नव्हता. दुसरा, तीवरील चूक तळहाताच्या एका फटकाऱ्यानें पुसली जाई. त्यामुळें चुकण्याचें भय नव्हतें आणि पुन्हां करण्याचा कंटाळा नव्हता. तिसरा, मूल कोठें चुकलें तें पंतोजीला उभ्या उभ्या दिसे. करणारा हात मुलाचा, चुकण्याची मोकळीक, आणि चूक पाहणारा डोळा गुरूचा, या तीन गोष्टी ज्या साधनांत आहेत तें साधन शिकवितें. त्या ज्यांत नाहींत तें फार तर दाखवितें. दाखविणें आणि शिकविणें यांतील हा भेद ध्यानांत ठेवून आपण आजच्या वर्गाकडे वळूं.

तत्पूर्वीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, यंत्राकडून शाळेच्या उद्धाराची आशा ही आजकालची नव्हे. चित्रपटाची नवलाई ताजी असतांना, १९१३ सालीं, एडिसननें शाळांतून पुस्तकें लवकरच हद्दपार होतील असें भाकित केलें होतें. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर आपल्या देशानें अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोंचविले. शेजारचा मध्यप्रदेश त्या सहांत होता. सकाळचे कार्यक्रम खास शाळकरी मुलांसाठीं असत. प्रयोग तांत्रिकदृष्ट्या अपूर्व ठरला, पण वर्ष संपतांच उपग्रह परत गेला. पुढें १९८४-८५ सालीं निवडक माध्यमिक शाळांना बीबीसी बनावटीचे संगणक देण्यांत आले. आणि १९८७ सालीं सुरू झालेल्या ‘खडू-फळा’ मोहिमेला प्राथमिक शाळांसाठीं किमान दोन खोल्या, दोन शिक्षक व थोडें साहित्य एवढें मागावें लागलें. म्हणजे कांहीं शाळांत संगणक पोंचला त्या सुमारास पुष्कळ शाळांना दुसरा गुरुजी मिळावयाचा होता. प्रत्येक वेळीं यंत्र आधीं आलें आणि त्याचें करावयाचें काय, हा प्रश्न मागाहून. आजचा पडदा याच परंपरेंतला आहे.

आतां प्रत्यक्ष वर्गाकडे. या जिल्ह्यांतील एका शाळेंत, जिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, चौथीच्या वर्गांत पावसावरील कवितेचा पाठ प्रस्तुत लेखकानें पाहिला. कविता पडद्यावर गीताच्या रूपानें आली. हिरव्या डोंगरांचें रंगीत हलतें चित्र होतें, रबरी बूट घातलेला एक गोरागोमटा मुलगा लाल छत्री फिरवीत उड्या मारीत होता, चाल गोड होती. मुलें खुश झालीं, टाळ्या झाल्या, पाठ संपला. नंतर त्यांना पुस्तक मिटावयास लावून विचारलें, “कवितेंत काय काय आहे?” बहुतेकांनीं पहिल्यानें छत्री सांगितली, मग बूट. कवितेंत छत्रीहि नव्हती आणि बूटहि नव्हते.

साहित्य शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें आहे अशा मनुष्याला हा प्रकार क्षुल्लक वाटत नाहीं. कवितेंतील शब्द हें वाचकाला दिलेलें आमंत्रण असतें. ‘पाऊस’ हा शब्द वाचतांच मुलानें आपला पाऊस आणावयाचा असतो. त्या वर्गांतील मुलांचा पाऊस रबरी बुटांचा नव्हता. तो रोवणीचा पाऊस होता. गुडघाभर चिखलाच्या बांधींत डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन वांकलेल्या आईचा होता. भरून वाहणाऱ्या नाल्यामुळें शाळा बुडविणारा होता. कवीच्या शब्दांना तो पाऊस भेटला असता, तर कविता त्या मुलांची झाली असती. पडद्यानें दुसऱ्या कोणाचा तरी तयार पाऊस आणून मध्यें उभा केला, आणि मुलांचें स्वतःचें चित्र उमटण्यापूर्वींच पुसून टाकलें. चित्रकाराचा दोष नाहीं. त्यानें कोणतें तरी एक चित्र काढणें भागच होतें. दोष हा कीं, जेथें चाळीस चित्रें निर्माण व्हावयाचीं तेथें एकाचीच सोय करण्यांत आली. आमच्या तीन कसोट्यांपैकीं एकहि तेथें उतरली नाहीं. मुलाच्या हातीं कांहीं नव्हतें, चुकण्यास जागा नव्हती, आणि कोणाला काय समजलें नाहीं हें गुरुजींना कळण्याचा मार्ग नव्हता. प्रश्न विचारला गेला नसता तर पाठ उत्तम झाला, अशीच नोंद झाली असती.

हीच मुलें मोठीं होऊन महाविद्यालयांत येतात तेव्हां या सवयीचें फळ दिसूं लागतें. एखाद्या विषयावरील चित्रफीत त्यांनीं पाहिलेली असते, म्हणून विषय ओळखीचा वाटतो; आणि ओळखीचा वाटला म्हणजे तो आपणांस येतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. त्याच विषयावरील दोन पानांचा उतारा समोर ठेवून त्यांतील मुख्य विधान शोधावयास सांगितलें कीं ही ओळख किती वरवरची होती तें उघड होतें. पाहण्यानें ओळख होते. ज्ञान होण्यास स्वतः कांहीं करून पाहावें लागतें.

हें केवळ एका मास्तराचें मत म्हणून सोडून देतां येणार नाहीं, कारण अलीकडील कांहीं काटेकोर प्रयोगांनींहि याच दिशेला बोट दाखविलें आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं बडोद्याच्या महापालिका शाळांत केलेल्या आणि २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चौथीच्या मुलांना आठवड्यांतून दोन तास, दोघांना मिळून एक संगणक, असा गणिताचे खेळ सोडविण्यासाठीं दिला गेला. गणितांत त्यांची प्रगति ठळकपणें वाढली. मात्र भाषेंत फरक पडला नाहीं, आणि प्रयोग थांबल्यावर वर्षभरानें गणितांतील लाभहि बराच ओसरला. गुजरातेंतीलच ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या शाळांतील दुसरा प्रयोग याहून बोधप्रद आहे. तेथें संगणक शाळेच्या वेळेनंतर जादा सरावासाठीं वापरला तेव्हां मुलांचा फायदा झाला. तोच संगणक शिकविण्याच्या वेळांत, शिकविण्याच्या जागीं वापरला तेव्हां मुलें उलट मागें पडलीं. यंत्र तेंच, प्रश्नहि जवळजवळ तेच. फरक एवढाच कीं एकदां तें गुरूच्या जोडीला होतें आणि एकदां गुरूच्या जागीं.

दिल्लींत शाळेबाहेरच्या केंद्रांत झालेला आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोगहि पाहण्यासारखा आहे. सहावींतील मूल गणितांत सरासरीनें अडीच इयत्ता मागें असल्याचें तेथें प्रथम आढळलें. संगणकानें प्रत्येक मुलाला, तें ज्या इयत्तेंत बसतें त्या इयत्तेचा नव्हे, तर तें जेथवर खरोखर पोंचलें आहे तेथला प्रश्न दिला. उत्तर चुकल्यास त्याच चुकीला धरून पुढचा दिला. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोहोंत मुलें पुढें सरकलीं. वाचकांच्या लक्षांत येईल कीं ही धूळपाटीचीच गुणत्रयी आहे. हात मुलाचा, चूक करण्याची मोकळीक, आणि चूक पाहणारें कोणी तरी.

याच्या उलट उदाहरण ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या अमेरिकेंत निघालेल्या योजनेचें. भारतांतील तिचा पहिला प्रयोग २००७ सालीं आपल्याच रायगड जिल्ह्यांत, खैरात या लहानशा गांवच्या शाळेंत झाला; पण योजनेचा पसारा खरा वाढला तो पेरू देशांत. तेथील सरकारनें आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वांटले. त्यांपैकीं ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून २०१२ सालीं जो अहवाल निघाला त्यांत भाषा व गणित या विषयांत मुलांची कांहींहि प्रगति दिसून आली नाहीं. हातीं यंत्र होतें, परंतु त्यावर काय करावयाचें हें शिकविण्याशीं जोडलेलें नव्हतें. म्हणजे ‘हात मुलाचा’ ही एकटी कसोटीहि पुरी पडत नाहीं; तिन्ही लागतात.

गोंदियाच्या बाबतींत या तीन कसोट्यांना आणखी एक प्रश्न जोडावा लागतो, तो भाषेचा. या जिल्ह्यांतील पुष्कळ मुलांची घरची बोली प्रमाण मराठी नाहीं. कोणी झाडीबोली बोलतो, कोणी पोवारी, कोणी गोंडी. बालाघाट आणि छत्तीसगड यांच्या सीमेलगत हिंदी व छत्तीसगढी कानांवर असतात. झाडीबोलींत ‘पाणी’चें ‘पानी’ होतें, ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. पुण्यामुंबईकडे ध्वनिमुद्रित झालेला पाठ या मुलांपुढें अत्यंत शुद्ध, भरभर आणि एकसुरी मराठींत वाहत जातो. वर्गांतील समंजस बाई मूल गोंधळलें असें पाहतांच थांबतात, ‘डोळा म्हणजे आपला डोरा’ असें सांगून पुढें जातात. पडदा थांबत नाहीं, कारण त्याला मुलाचा चेहरा दिसत नाहीं. गोंडी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला तर तो पाठ म्हणजे परक्या गांवांतील रेडिओच. अशा ठिकाणीं यंत्रानें दरी बुजत नाहीं, ती झांकली जाते, आणि झांकलेली दरी अधिक धोक्याची असते.

या संदर्भांत सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतील परितेवाडीचें उदाहरण पुन्हां वाचावें. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०१७ पासून राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ती कल्पना आली. आणि ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांना जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें. सर्वत्र गाजावाजा झाला तो त्या काळ्यापांढऱ्या चौकोनाचा. परंतु मुलींची घरची भाषा कन्नड आहे हें ओळखून त्यांनीं स्वतः आधीं कन्नड शिकून घेतली आणि पुस्तकें त्या भाषेंत आणलीं, ही गोष्ट मागें पडली. यशाचें खरें मूळ तीच आहे. चौकोनाची नक्कल एका शासकीय आदेशानें सर्व पुस्तकांत करतां येते. विद्यार्थ्याची भाषा शिकणाऱ्या शिक्षकाची नक्कल आदेशानें होत नाहीं. म्हणून आपण सोपी तेवढी उचलली.

एवढें म्हटल्यावर यंत्राच्या बाजूचें जें खरें आहे तेंहि प्रांजळपणें मांडलें पाहिजे. गोंदियाच्या मुलानें समुद्र पाहिलेला नसतो. भरतीची लाट त्याला पडद्यावर दाखविणें हें शंभर वाक्यांच्या वर्णनापेक्षां सरस आहे. हृदयांतील रक्ताभिसरण, ग्रहणाची छाया, बीज रुजतांना मुळाची हालचाल, या गोष्टी स्थिर चित्रांत नीट कळत नाहींत. अंध मुलाला बोलकें पुस्तक वरदान ठरतें. दोन गुरुजींवर पांच इयत्ता चालणाऱ्या शाळेंत एका इयत्तेला टॅबवर सरावाला बसवून दुसरीकडे शिकवितां येतें, आणि हें साहाय्य मोठें आहे. परंतु या सर्व उदाहरणांत पडदा कांहीं मिनिटांसाठीं येतो, आपलें काम करतो आणि बाजूला होतो. त्याच्या आधीं प्रश्न असतो आणि नंतर चर्चा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डींत आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या शिक्षणाचें काम उभें केलें तेव्हां पानें, बिया, खडे, शिंपले हीच त्यांची सामग्री होती. तेथेंहि सामग्रीला महत्त्व होतेंच. पण ती मुलाच्या हातीं देण्यासाठीं होती, पाहुण्यांना दाखविण्यासाठीं नव्हती.

मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या तेव्हां या सर्व साधनांची अनायासें परीक्षा झाली. ज्यांच्या घरीं फोन व इंटरनेट होतें त्यांची शाळा कशीबशी चालली. ज्यांच्या घरीं नव्हतें त्यांची थांबली. त्यानंतर फोन झपाट्यानें पसरला. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणींत १४ ते १६ वयाच्या सुमारें ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरतां येतो असें आढळलें, त्यांपैकीं मागील आठवड्यांत अभ्यासासाठीं तो वापरणारे ५७ टक्के होते, आणि समाजमाध्यमांसाठीं वापरणारे ७६ टक्के. याच पाहणींत सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीचा मजकूर वाचूं शकणारीं मुलें २३.४ टक्के होतीं. २०२२ सालीं हें प्रमाण १६.३ होतें, म्हणजे सुधारणा झाली आहे आणि ती आनंदाचीच आहे. तरीहि चारांतील तीन मुलांना तो मजकूर वाचतां येत नाहीं, ही गोष्ट उरतेच. साधन हातीं असणें आणि विद्या हातीं लागणें या दोन गोष्टींतील अंतर या आंकड्यांत स्पष्ट दिसतें.

आपण, म्हणजे हें मासिक वाचणारीं सुशिक्षित कुटुंबें, या प्रश्नाकडे जिल्हा परिषदेच्या शाळांचा प्रश्न म्हणून पाहूं लागलों तर ती आत्मवंचना ठरेल. आपलीं मुलें ज्या खाजगी शाळांत जातात तेथें ‘स्मार्ट क्लास’ हा जाहिरातींतील पहिला शब्द असतो आणि बहुधा फीच्या पावतींतहि तो डोकावतो. प्रवेशाच्या दिवशीं पालक चकचकीत फळा पाहतात व निश्चिंत होतात. त्या फळ्यावर वर्षभर काय होतें, याची चौकशी किती जण करतात? तयार पाठाची कळ दाबली कीं तास निभतो, ही सोय तेथेंहि आहे. किंबहुना तेथें ती अधिक सफाईनें चालते, आणि पालक सुशिक्षित असल्यामुळें मुलाची उणीव घरच्या शिकवणीनें भरून निघते व शाळेचा दोष झांकला जातो. सालेकशाच्या मुलाला ही शिकवणी नसते. म्हणून तोच दोष त्याच्या वाट्याला पूर्णपणें येतो.

तेव्हां परीक्षण करावयाचें तें कसें? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत पालकांची बहुसंख्या असलेली व्यवस्थापन समिति नेमली आहे. तिनें, आणि खाजगी शाळांच्या पालकांनींहि, यंत्रांची संख्या विचारण्याऐवजीं कांहीं साधे प्रश्न विचारावेत. गेल्या आठवड्यांत पडदा चालू असतांना मुलांच्या हातीं काय होतें? पाठ मध्येंच थांबवून प्रश्न विचारला गेला काय, आणि तो मागच्या बांकावरील मुलाला विचारला काय? चुकलेल्या मुलाची चूक कोणी पाहिली व दुसऱ्या दिवशीं तिचें काय केलें? पाठांतील भाषा मुलाला समजते काय? आणि शेवटचा, अगदीं व्यावहारिक प्रश्न: यंत्र बिघडल्यास दुरुस्तीचा व वीजबिलाचा पैसा कोठून येतो? बिल थकल्यामुळें जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडल्याच्या वार्ता महाराष्ट्रांतील वृत्तपत्रांत वारंवार आल्या आहेत. ज्या शाळेंत विजेची शाश्वति नाहीं तेथें प्रोजेक्टर देऊन थांबणें म्हणजे विहीर न खोदतां मोट देणें होय.

या प्रश्नांचीं उत्तरें तक्त्यांत मिळणार नाहींत. तीं मुलांच्या वह्यांत आहेत. ज्या शाळेनें यंत्र नीट वापरलें तेथील वहींत मुलाचें स्वतःचें वाक्य सांपडतें, खोडलेलें व पुन्हां लिहिलेलें गणित सांपडतें, गुरुजींच्या हातची खूण सांपडते. जेथें यंत्र नुसतें दाखविलें गेलें तेथें वही कोरी असते, किंवा सर्वांच्या वह्यांत एकच उत्तर एकाच चुकीसह उतरलेलें असतें. शासनानें पुढची पाहणी करतांना पडदे मोजण्याचें सोडून प्रत्येक शाळेंतील दहा वह्या उघडून पाहाव्यात, आणि नवें यंत्र देण्यापूर्वीं तें वापरणाऱ्या शिक्षकाला महिनाभर शिकण्याची सवड द्यावी. खर्च फारसा वाढणार नाहीं. कदाचित् कांहीं पडद्यांचा वांचेलहि. आपण पालकांनीं तोंवर एवढें तरी करावें कीं, संध्याकाळीं मूल घरीं आल्यावर ‘आज शाळेंत काय दाखविलें?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘आज तूं काय केलेंस?’ असें त्याला विचारावें, आणि उत्तर पुरतें ऐकून घ्यावें.